नवी एअर रायफल सदोष निघाली तर काय करावे: ठाणे आणि नवी मुंबईतल्या नवशिक्या नेमबाजांसाठी

नवी रायफल घरी येते, दोन-तीन सरावांतच ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) फुटायला लागतो किंवा हवेच्या सिलिंडरचा दाबाचा काटा रात्रीत खाली येतो. मग कोणीतरी ओळखीचा "बघू दे जरा" म्हणत स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो आणि घरातले दुकानदाराला फोनवर फोन करत राहतात. स्क्रू ड्रायव्हरने वॉरंटी जाते आणि फोनने हातात काही उरत नाही. क्लबात नव्या मुलांच्या पालकांना मी कळकळीने एकच सांगतो: रायफल उघडू नका, आधी मोजा आणि लिहून ठेवा. खाली जे आहे ते सगळे याच धाग्यावर आहे.

रायफल म्हणजे कोणती, हे आधी स्पष्ट करतो. परदेशात शिकारीच्या रायफलींचा मोठा बाजार आहे आणि इंटरनेटवर दोष-वॉरंटीची बहुतेक माहिती त्याच रायफलींची सापडते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. येऊरच्या जंगलात किंवा खाडीकाठी पाखरावर छर्रा झाडणे हाही गुन्हाच. ठाणे-नवी मुंबईत नवशिक्याच्या हातात येते ती दहा मीटरच्या टार्गेटची एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्राची आणि पत्त्याची प्रत घेतो. "स्प्रिंग बदलून ताकद वाढवून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. वॉरंटी तर जाईलच, पण २० जूलची रेषा ओलांडली तर घरात विनापरवाना शस्त्र ठेवल्यासारखे होईल.

पैसे देण्याआधी

पक्के बिल घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल आणि रायफलीवर कोरलेला सिरियल नंबर असला पाहिजे. "नंबर नंतर टाकून देतो" चालवून घेऊ नका. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख जागेवरच मारून घ्या. यूपीआयने पैसे दुकानाच्या खात्यावर द्या, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर नको.

बिल कोणाच्या नावावर, हाही प्रश्न इथेच सोडवा. मूल अल्पवयीन असेल तर आई किंवा वडिलांच्या नावावर घ्या. काही पालक सवलत मिळते म्हणून अकॅडमीच्या नावावर बिल करतात. सवलतीचे चार पैसे वाचतात खरे, पण व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक कायद्याच्या व्याख्येत सहसा बसत नाही. उद्या तक्रार करायची वेळ आली तर समोरचा वकील पहिले बोट याच्यावर ठेवील.

आयात केलेली मॅच रायफल (स्पर्धेसाठी बनवलेली) घेत असाल तर भारतात वॉरंटी कोण देणार ते लेखी विचारा. अधिकृत आयातदार की फक्त दुकानदार? दोन लाखांच्या पुढची वस्तू आहे, विचारायला संकोच नको. जुनी रायफल घेत असाल तर मूळ वॉरंटी तुमच्या नावावर येते का, तेही कार्डावर वाचून घ्या. बहुतेकदा येत नाही.

खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा. त्यात सिरियल नंबर, सिलिंडरवरची तारीख आणि टेस्ट कार्ड दिसू द्या. टेस्ट कार्ड म्हणजे कारखान्यात रायफल पकडीत बसवून मारलेल्या गोळ्यांचा कागद. चांगल्या मॅच रायफलीबरोबर तो येतो आणि त्यावरचे भोक एका छर्‍याच्या भोकापेक्षा किंचितच मोठे असते. लोक तो खोक्याबरोबर रद्दीत टाकतात. तो जपा, कारण "ही रायफल कशी चालायला हवी" याचे कंपनीनेच दिलेले उत्तर त्यावर आहे.

सिलिंडरवरची तारीख

हा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून वेगळा काढला. मॅच रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि नामांकित कंपन्या तो बनल्यापासून दहा वर्षेच वापरायला सांगतात. मोठ्या स्पर्धांच्या नियमांत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. रायफल नवी आणि सिलिंडर गोदामात चार वर्षे पडलेला, असे होऊ शकते. मग तुम्ही दहा वर्षांचे पैसे दिले आणि हातात सहाच आली. तारीख जुनी दिसली तर त्याच दिवशी बदलून मागा. महिन्याभराने मागितलात तर दुकानदार म्हणेल, तुम्हीच कुठून तरी बदलून आणला.

दोष रायफलीचा की आणखी कशाचा

इथे वेळ द्या. गोळ्या इकडेतिकडे जाण्यामागे रायफलच असते असे नाही, आणि कंपनीचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

पहिल्यांदा स्क्रू पाहा. स्टॉक (रायफलीचा दस्ता) धरून ठेवणारे आणि साइट (नेम धरायचे साधन) बसवलेले स्क्रू नव्या रायफलीतही सैल असू शकतात. मॅन्युअलमध्ये जितका टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला आहे तितकाच आवळा. अंदाजाने पिळून आवळला तर स्टॉक चेपतो. हे बाहेरचे स्क्रू आवळायची मुभा मॅन्युअल देते, ट्रिगरच्या पेटीवरच्या स्क्रूंना मात्र हात लावू नका. त्यांच्यावर बर्‍याच कंपन्या लाखेचा किंवा रंगाचा ठिपका ठेवतात. ठिपका तुटला की उघडल्याचा पुरावा त्यांच्या हातात.

मग छर्रे. बाजारात ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा डोक्यांचे मॅच छर्रे मिळतात, आणि एकीला गोड लागणारा छर्रा शेजारच्या त्याच मॉडेलच्या रायफलीला मानवत नाही. दोन-तीन वेगळे डबे मागून घ्या. क्लबात कोणाकडे ना कोणाकडे असतातच. स्वस्त सरावाच्या छर्‍यांवरून रायफलीला दोष देऊ नका. कंपनी ते ऐकूनच घेणार नाही आणि तिचे बरोबर असेल.

मग हात. रायफल बेंचवर वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारा. त्यानंतर तीच रायफल, तेच छर्रे, तीच पिशवी, पण नेमबाज दुसरा, शक्यतो राज्य पातळीवर खेळलेला. एका वेळी एकच गोष्ट बदला. साइट, छर्रा आणि माणूस एकदम बदलले तर शेवटी काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक टार्गेट कागदावर तारीख, छर्‍याचे नाव आणि डोके, सिलिंडरचा दाब आणि मारणाऱ्याचे नाव लिहा. एकही कागद फेकू नका.

दहा मीटरच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. एवढ्या बारीक खेळात "गोळ्या कुठेही जातात" या वाक्याला किंमत नाही. "टेकवून मारलेल्या पाच गोळ्यांचा ग्रुप, तीन वेगळ्या छर्‍यांनी, दोन नेमबाजांनी, प्रत्येक वेळी टेस्ट कार्डाच्या दुपटीहून मोठा" हे वाक्य मात्र टिकते.

क्लबात वेग मोजायचे यंत्र असेल तर सोने. मॅच रायफलीचा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने जातो. दहा गोळ्यांचे वेग ओळीने लिहा. चांगल्या रायफलीत ते एकमेकांच्या जवळ राहतात. एक १७२ आणि पुढचा १५८ दिसला तर रेग्युलेटर (प्रत्येक गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा व्हॉल्व्ह (हवा सोडणारी झडप) यांच्याकडे संशय जातो, आणि हे आकडे बघितल्यावर दुकानदाराची भाषाही बदलते.

हवा गळते का, हे कसे ठरवावे

सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरायचा असेल तर सावकाश भरा, कारण घाईने भरताना हवा तापते आणि निवल्यावर काटा आपोआप उतरतो. ही गळती नव्हे. भरल्यावर तासभर थांबा, मग काटा वाचा, फोटो घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच तापमानाला पुन्हा वाचा.

तापमानाचे मी मुद्दाम सांगतो, कारण ठाण्यात यावरून खोट्या तक्रारी फार होतात. ३२ अंशांवर २०० बार दाखवणारा सिलिंडर वातानुकूलित रेंजमध्ये २२ अंशांवर आला की सहा-सात बारने कमी दिसतो. हवा कुठेच गेलेली नसते. तीन दिवस सारख्याच तापमानाला रोज दहा-बारा बार उतरत असेल तर गळती आहे, असे लिहा.

गळती कुठून ते शोधायला सिलिंडरच्या जोडावर साबणाचे पाणी बोटाने लावून बुडबुडे पाहता येतात. फक्त बाहेरच्या जोडावर, थेंबभर, आणि नंतर पुसून कोरडे. ट्रिगरकडे पाणी जाऊ देऊ नका. आणि उच्च दाबाची हवा असते त्या भागात कुठलेही मशिनचे तेल कधीही घालू नका; दाबाखाली तेलाची वाफ पेट घेऊ शकते. कंपनीने सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच, तेही सांगितले असेल तरच. सिलिंडर आणि रायफल वेगळे ठेवून पाहिले तर गळती कोणात आहे ते कळते: सुटा सिलिंडर टिकतो आणि जोडल्यावर उतरतो, तर दोष रायफलीच्या बाजूला.

स्प्रिंगची रायफल असेल तर

नळी मोडून (खाली वाकवून) कॉक करायच्या (स्प्रिंग दाबून सज्ज करायच्या) रायफली बर्‍याच घरांत पहिल्यांदा येतात. त्यांच्यात पहिल्या काही गोळ्यांना धूर आणि जोराचा आवाज येतो. कारखान्यातले जास्तीचे तेल जळते, पन्नासेक गोळ्यांत थांबले तर काळजी नाही. पुढेही चालू राहिले तर लिहून ठेवा. नळी जिथे बंद होते तिथे टिश्यू पेपरची पट्टी ठेवून, रेंजवर, टार्गेटकडे तोंड करून गोळी मारा; पट्टी जोरात उडाली तर तिथल्या सीलमधून हवा निसटते. छर्रा न घालता कोणी गंमत म्हणून चाप ओढत असेल तर आधी ते बंद करा. त्याने पिस्टनचे सील आणि स्प्रिंग खराब होते, आणि कंपनी ते वापरणाऱ्याच्या खाती टाकते.

या लक्षणांवर लगेच थांबा

चाप न ओढता रायफल सुटली, सेफ्टी लावूनही चाप काम करत असेल, कॉक केलेली नळी स्वतःहून मिटली, किंवा सिलिंडरवर ओरखडा, फुगवटा, चीर दिसली, तर पुन्हा करून बघायचे नाही. व्हिडिओसाठीसुद्धा नाही. रायफल मोकळी करा, सिलिंडर काढता येत असेल तर काढा, कपाटात कुलूपबंद ठेवा आणि काय झाले, कोण हजर होते ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. सरावाचा एक महिना बुडाला तरी चालेल. मुलाच्या शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्या कोणाचे तरी मूल उभे असते.

आपल्या हवेचा एक भाग

खाडीची खारी हवा आणि जूननंतरची ओल यांनी नळीला गंज चढतो, आणि गंज वॉरंटीत बसत नाही. रायफल फोमच्या केसमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. एसी रेंजमधून बाहेर आल्यावर थंड लोखंडावर पाणी सुटते. घरी आल्यावर केस उघडून रायफल पुसा, मग आत सिलिका जेलची पुडी टाका. गंजाची तक्रार आली की बाकीचा खरा दोषही त्याच्यामागे झाकला जातो.

तक्रार लेखीच

फोन करा, पण फोन ठेवल्यावर लगेच ईमेल करा: "आज आपल्याशी झालेल्या बोलण्याप्रमाणे..." व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवलात तरी मूळ तक्रार ईमेलने आणि स्पीड पोस्टने जाऊ द्या, ट्रॅकिंगची पावती जपा. दुकानदार आणि कंपनी किंवा आयातदार, दोघांनाही एकाच वेळी पाठवा. नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील आणि तुमचे महिने जातील. मजकूर छोटा ठेवा:

"दिनांक अमुक रोजी बिल क्रमांक अमुकने आपल्याकडून अमुक मॉडेलची, अमुक सिरियल नंबरची रायफल घेतली. अमुक तारखेपासून तिच्यात पुढील दोष आढळतो. केलेल्या चाचण्या, टार्गेट कागद आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. रायफल आम्ही उघडलेली नाही. वॉरंटीप्रमाणे पंधरा दिवसांत दोष दूर करून द्यावा, ते शक्य नसल्यास रायफल बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी."

राग, शिव्या, "तुम्हाला बघून घेतो" यातले काही नको. हेच पत्र उद्या ग्राहक आयोगासमोर वाचले जाणार आहे.

बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेले असले तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. म्हणून पहिल्या तीस दिवसांतच सगळ्या चाचण्या उरका. संकेतस्थळावरून घेतली असेल तर तिथल्या तक्रार अधिकार्‍याने अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

रायफल दुरुस्तीला देताना

हवा पूर्ण सोडा, छर्रा नाही याची दोनदा खात्री करा. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या. रेल्वेने नेत असाल तर केस बंद, बिलाची प्रत आणि ओळखपत्र जवळ; रेल्वे पोलिसांनी विचारले तर शांतपणे दाखवा. दुकानात जमा पावती घ्या आणि तिच्यावर सिरियल नंबर, सोबत दिलेले भाग, आधीचे ओरखडे आणि सांगितलेला दोष लिहून घ्या. "ठेवून जा, फोन करतो" एवढ्यावर रायफल सोडून येऊ नका.

बंदुकीचा परवाना असलेल्यांसाठी थोडक्यात: १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून अग्निशस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडेच द्यायचे. वॉरंटीत शस्त्र बदलून मिळणार असेल तर नवा नंबर तुमच्या परवान्यावर नोंदवून घेतल्याशिवाय ते ताब्यात घेऊ नका. ठाण्यात ठाणे पोलीस आयुक्तालय आणि नवी मुंबईत नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आधी विचारा.

ऐकलेच नाही तर

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. अनेक प्रकरणे इथेच मिटतात, कारण कंपनीला तिथून विचारणा जाते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

त्याने झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान दिल्लीत असले तरी. घोडबंदर, नौपाडा, कल्याण, डोंबिवलीकरांचा जिल्हा ठाणे. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूरही ठाणे जिल्ह्यातच, आणि नवी मुंबईच्या बाजूच्या तक्रारींसाठी कोकण भवनात अतिरिक्त आयोग बसत आला आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात येतात, त्यांचा आयोग अलिबागला. पत्ता "नवी मुंबई" असा लिहिला म्हणून खारघरच्या लोकांनी बेलापूरला फेरी मारू नये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. दोष दिसल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि दुकानदाराशी चाललेल्या बोलण्यांनी ही मुदत आपोआप लांबत नाही. "पुढच्या महिन्यात पार्ट येतोय" ऐकत वर्ष घालवणारे पालक पाहिले की जीव तुटतो.

आयोग दोष काढून द्यायला, नवी वस्तू द्यायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद आहे. कायद्यात तपासणी नसलेल्या प्रकरणाला तीन महिने आणि तपासणी लागणाऱ्याला पाच महिने धरले आहेत; प्रत्यक्षात जास्त लागतात, हे मनाशी धरून चला. म्हणूनच तारखा घातलेले टार्गेट कागद, वेगाचे आकडे, काट्याचे फोटो आणि कोचचे किंवा परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचे लेखी मत सुरुवातीलाच जोडा. मध्यस्थीचा पर्याय आला तर तो नाकारू नका. बदललेली रायफल लवकर मिळणे मुलासाठी मोठ्या भरपाईपेक्षा मोलाचे असते, हे माझे स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात सराव थांबवू नका. क्लबची रायफल मागा. यंत्र ऐन वेळी दगा देते ते मोठमोठ्यांच्या बाबतीतही: २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या दहा मीटर पिस्तूल प्राथमिक फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मौल्यवान मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदके मिळवली.

दुरुस्त होऊन परत आल्यावर

काय बदलले ते लेखी मागा: कोणते सील, कोणता व्हॉल्व्ह, की फक्त जुळवणी. वॉरंटी दुरुस्तीच्या काळाएवढी वाढवून मिळते का ते विचारा आणि उत्तर कार्डावर लिहून घ्या. मग दुकानातून निघण्याआधी सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहा, आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्वीच्याच छर्‍यांनी, त्याच पिशवीवर, त्याच नेमबाजाकडून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप पुन्हा मारून घ्या. साइट पुन्हा जुळवावी लागेल. झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साइटची जुळवणी) सरकला म्हणजे दुरुस्ती फसली असे नाही, ग्रुप किती लहान झाला तेवढेच पाहा. तोच दोष परत दिसला तर दुसरी तक्रार पहिलीचा संदर्भ देऊन त्याच दिवशी पाठवा, आणि या वेळी दुरुस्ती न मागता बदली रायफल किंवा पैसे मागा.